छाट

भद्रावती पेठेत, पिठाच्या गिरणीवर आमची संस्था.
एक खोली, दोन पंखे, त्यातला एक चालतो.
कपाटात अकरा वर्षांच्या जबान्या, माझ्या अक्षरात.
वही उघडली की शिंक येते,
पानापानांत तंबाखूची पूड अडकलेली.

रेवणसिद्ध हत्तुरे पुण्याहून सुट्टी टाकून आला.
म्हणाला, ताई, ही दोनशे तासांची बोलणी
हे यंत्र आठ दिवसांत लिहून काढेल.
मला अकरा वर्षं लागली, मी म्हटलं.
म्हणून तर, तो म्हणाला,
आणि आधी त्यानं इंटरनेटची वायरच काढून ठेवली.
यातलं अक्षर या खोलीबाहेर जाणार नाही.
नावं पुसू. गल्ली पुसू.
कुठली ब्रँच, कुठला चेकर, किती वाजता,
एवढं जोडलं तरी
पुसलेल्या नावातून बाई दिसते.
खाली गिरणी सुरू झाली.
जोंधळ्याच्या आवाजात यंत्र ऐकत बसलं.

राजमणी गड्डम मराठीत सुरुवात करते,
चिडली की तेलुगूत जाते,
शिवी मात्र कानडीत.
यंत्रानं सगळं सरळ मराठीत आणलं. मुद्देसूद. शिवी गाळून.
हजारातल्या दीडशे विड्या चेकरनं छाट म्हणून काढल्या,
मजुरी कापली,
आणि त्याच छाटीचे कट्टे बांधून
मागच्या दारानं विकले.
मग टेपवर एकोणीस सेकंद कुणी बोलत नाही.
तिथं यंत्रानं लिहिलं होतं,
मी समाधानी आहे. धन्यवाद.

मी दोनदा वाचलं.
रेवणसिद्धनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
शांतता आली की हे असं करतं, ताई.
रिकामं सोडवत नाही त्याला.
कुठंतरी शिकलंय
की बोलणं संपलं की माणसं आभार मानतात.
आणि हे असंच कोर्टात गेलं असतं तर?
तो गप्प बसला.
यंत्र चालू असतं
तर त्यालाही काहीतरी बोलायला लावलं असतं त्यानं.

राजमणी मांडीवरचं सूप खाली ठेवून आली,
बोटाला दोरा तसाच गुंडाळलेला.
वाचता येत नाही तिला.
रेवणसिद्धनं एक ओळ वाचायची,
मग टेपचा तेवढाच तुकडा लावायचा.
हां. हां. शिवी कुठाय? घाल ती.
हां.
मग ते धन्यवाद आलं.
नेनू अनलेदू, ती म्हणाली. मी नाही बोलले हे.
आणि चेकर जशी
तिच्या कट्ट्यातली विडी दोन बोटांत धरून
न बघता फेकतो,
तशी तिनं हवेतल्या हवेत ती ओळ उचलली.
छाट.
फरक एवढाच, की तिनं आधी पूर्ण ऐकून घेतलं होतं.

उठताना दारात थांबली.
दुपार गेली माझी, तीनशे विड्या बुडाल्या,
त्याची मजुरी कोण देणार?
रेवणसिद्धच्या आराखड्यात सगळं होतं,
कुलूप कसलं, किल्ली कुणाकडे,
चूक झाली तर कुणाला सांगायचं.
हे नव्हतं.
त्यानं खिशातलं पेन काढून
पहिल्या पानावर, सगळ्यात वर, लिहिलं.

आता गुरुवारी बायका येतात,
आपापलं ऐकतात, छाटतात,
दुपारची मजुरी सही करून नेतात.
चौघींनी सांगितलं, आमचं नकोच.
रेवणसिद्धनं का म्हणून विचारलं नाही,
त्यांच्यासमोर पुसलं, दोनदा दाखवलं.
आठ दिवसांचं काम सातव्या महिन्यात आहे.
तो दर पंधरवड्याला रात्रीच्या गाडीनं येतो,
माझ्यासारखाच शिंकायला लागलाय.

राजमणीची जबानी छापून आली.
शिवी आहे, तेलुगू आहे,
आणि पान चौदावर, मधोमध,
एकोणीस सेकंद.
त्याखाली बोटभर कोरी जागा.
तिथं काय होतं ते तिनं सांगितलं नाही
आणि आम्ही विचारलेलं नाही.